सात नंबरच्या घराची माहिती

मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही. आणि लिहिता लिहिता मी स्वतःला चांगली मुलगी म्हणून दाखवायला लागेन, अशी मला भीतीही वाटते.

ती माझ्याच वर्गात होती, जळगावच्या कॉलेजात, समाजशास्त्राला. नशिराबादहून रोज स्कूटरवर यायची. तिच्या घरी केळीची बाग, विहिरीला बारमाही पाणी, आणि जळगावात भावाचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. मी भडगावजवळच्या एका खेड्यातली. आमची जमीन कोरडवाहू, त्यात कापूस. वेचणीच्या दिवसांत माय दुसऱ्यांच्या शेतातही वेचायला जाते. मी मुलींच्या वसतिगृहात राहते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

स्कूटरचा मला तेवढा हेवा नव्हता. तो आपोआपच वाटतो आणि दुपारपर्यंत विरतोही. मला हेवा वाटायचा तो ती वर्गात उभी राहून “सर, मला नाही कळलं” म्हणायची त्याचा. सर हसून पुन्हा समजावायचे. मलाही पुष्कळदा कळलेलं नसायचं, पण मी मान हलवायचे. मला नाही कळलं असं मी म्हटलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं, हिला कसं कळणार. तिला नाही कळलं तर वाटायचं, सरांनीच नीट सांगितलं नसेल.

बोलण्याचंही तसंच. पहिल्या वर्षी ओळख करून देताना माझ्या तोंडून ‘आहे’च्या जागी “माझं गाव भडगावजवळ शे” असं गेलं. मागच्या बाकांवर हसू फुटलं. कोणी वाईट बोललं नाही, पण त्यानंतर बरेच दिवस मी प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून मगच बोलायचे. ती मात्र फोनवर तिच्या आईशी त्यांच्याकडच्या, आमच्याहून वेगळ्या बोलीत मोठ्यानं बोलायची आणि मुली म्हणायच्या, किती गोड वाटतं गं ऐकायला. एकदा माय मला भेटायला वसतिगृहावर आली होती, शेवया आणि तुपाची बरणी घेऊन. जिन्यात तिनं एका मुलीला काहीतरी विचारलं, तेव्हा मी मायला बाजूला ओढून हळूच म्हटलं, इथं जरा नीट बोल. माय गप्प झाली. बस सुटेपर्यंत गप्पच होती.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प होता. एक गाव घ्यायचं, घरोघर जाऊन फॉर्म भरायचे आणि लोकांच्या आयुष्यात सामाजिक आणि आर्थिक गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात त्यावर लिहायचं. ज्याचा प्रकल्प चांगला होईल त्याला विद्यापीठातल्या परिषदेत तो मांडायला पाठवणार होते, विभागातून एकालाच. मला ते हवं होतं. घरी कधी सांगितलं नाही, पण परिषदेत कोणता ड्रेस घालायचा हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

सरांनी दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. एक गाव, पण अहवाल प्रत्येकीचा वेगळा. ती म्हणाली, आपण तुझ्या गावाला जाऊ, मी गिरणा नदीकडचा भाग पाहिलाच नाहीये. मला नाही म्हणता आलं नाही. तिच्या स्कूटरवर मागे बसून मी माझ्याच गावात शिरले तेव्हा पारावरची माणसं वळून पाहत होती, आणि मला आनंद होत होता की लाज वाटत होती हे अजूनही नक्की सांगता येत नाही.

सरांचा एक नियम होता. आपल्या स्वतःच्या घराचा फॉर्म आपण भरायचा नाही, कारण आपण घरच्यांच्या तोंडून आपलंच उत्तर वदवून घेतो. म्हणून आमची गल्ली तिच्या वाट्याला आली आणि मी नदीकडच्या गल्लीत गेले. आमचं घर तिच्या यादीत सातवं होतं.

मी माझी घरं संपवून परतले तेव्हा ती आमच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती. फॉर्म बाजूला पडला होता. समोर ताटलीत गूळ-शेंगदाणे, आणि माय बोलत होती. माय एवढं बोलताना मी कधी पाहिली नव्हती. हातवारे करत, मधेच हसत, पदरानं तोंड पुसत. ती मधूनच एखाद्या शब्दाला अडायची, “मावशी, म्हणजे काय हो?” असं विचारायची आणि माय तिला शब्द समजावून सांगायची. मी आत पाऊल टाकलं तशी माय थांबली.

“जेवली का?” मायनं मला विचारलं. “जेवलीस का” असं नीट म्हणायचं होतं तिला, ते माझ्या लक्षात आलं, आणि मी दिसताच तिनं जीभ सांभाळली हेही लक्षात आलं.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, तुझी आई कसली भारी आहे गं. मी मागच्या सीटवर ऐकू न आल्यासारखं केलं. वाऱ्याचा आवाज होता, चालून गेलं. केळीची बाग तिची, विहीर तिची, आता माझी मायही तिच्याशीच बोलणार.

महिनाभरानं सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. माझा अहवाल त्यांच्या टेबलावर वर होता. मी रात्ररात्र बसून तक्ते केले होते, प्रत्येक तक्त्याला रंगीत चौकट. सरांनी ते पाहून मान डोलावली.

“तक्ते सुरेख आहेत,” ते म्हणाले. “पण तुझ्या गावात माणसं राहतात की नाही?”

ते चेष्टेनंच म्हणाले. मीही हसले. मग त्यांनी तिचा अहवाल उघडला आणि म्हणाले, हिनं बघ, सात नंबरच्या घराचं काय लिहिलंय. हे एक पान वाचलं की सगळा विषय कळतो. परिषदेला हा पाठवू या.

मी म्हटलं, सर, मी वाचू का. ते म्हणाले, वाच ना, तुझंच तर गाव आहे. सात नंबरचं घर कुणाचं ते त्यांना माहीत नव्हतं. फॉर्मवर नावं लिहायची नव्हती. तिनं सांगितलं नव्हतं, मीही नाही.

वाचनालयात खिडकीजवळ बसून मी ते पान वाचलं. पहिल्या ओळी आमच्याच घराच्या होत्या, पत्रे, ओटा, जमीन, नळाला एक दिवसाआड दुपारी येणारं पाणी. कुटुंबातील सदस्य तीन, म्हणजे माझे वडील आबा, माय आणि मी. माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, लग्न झालेलं, ती शिरपूरच्या बाजूला नांदते, म्हणून फॉर्मच्या हिशेबात ती आमच्या घरात नव्हतीच. पण फॉर्म भरणारीनं समासात पेन्सिलनं लिहून घेतलं होतं, मोठी मुलगी, शाळा नववीत सुटली. आणि खाली कारण, मायच्या शब्दांत, जसंच्या तसं.

“धाकलीले भाकर येये नही. मोठीले येये. दोन्ही ग्यात ते घर कोन सांभाळी?”

मी ते तीनदा वाचलं. धाकटीला भाकरी येत नव्हती, मोठीला येत होती. दोघी गेल्या असत्या तर घर कोणी सांभाळलं असतं.

पुढं तिनं स्वतःच्या भाषेत मांडलं होतं. आई पहाटे वेचणीला जाते, अंधार पडल्यावर येते. पाणी दुपारी येतं. घरात एकीनं राहायला हवं. एसटीचा पास मुलींना फुकट आहे, म्हणजे शाळेत जायला पैसे लागत नाहीत, पण घरी राहणारं माणूस कुठून आणणार. शिवाय थोरली जास्त शिकली तर तेवढा शिकलेला मुलगा पाहावा लागतो, आणि शिकलेल्या मुलाकडचं लग्न झेपत नाही. चांगली रांधणारी मुलगी मात्र लोक मागून नेतात.

मला आजवर वाटत होतं की अक्काला शाळा आवडत नव्हती. घरात तसंच म्हणायचे. आणि पास फुकट असल्यामुळे माझी खात्रीच होती की यात परिस्थितीचा काही प्रश्न नसणार, तिलाच नको असणार. मी मैत्रिणींनाही तसं सांगायचे. माझी बहीण अभ्यासात कच्ची होती, म्हणायचे.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातं. मी उठले, सरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, सर, सात नंबरच्या घराची माहिती चुकीची आहे.

त्यांनी चष्मा काढला. कशावरून, विचारलं.

“ते माझं घर आहे.”

मी सांगितलं की बहिणीनं शाळा स्वतःहून सोडली, आईनं पाहुणीला काहीतरी सांगितलं असेल, तिला बोलायला आवडतं. मायला बोलायला आवडतं, असं मी म्हटलं. माझ्याशी ती किती बोलते ते मला माहीत असताना. सर म्हणाले की चुकीची माहिती घेऊन परिषदेला जाता येणार नाही, पण तुझ्या एका शब्दावर मी पान काढणारही नाही. बहीण आहे ना, तिला विचार. सोमवारी मला सांग. पान काढावं लागलं तर मग दोन्ही अहवाल पुन्हा पाहू.

हे शेवटचं वाक्य ऐकायलाच मी आत गेले होते.

बाहेर ती भेटली. तिला दारातून सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं ती भांडेल. ती एवढंच म्हणाली, “मी तर त्या बोलल्या तसंच लिहिलं गं. चुकलं असेल तर सांग, मी काढते.” तिचा चेहरा उतरला होता. तो पाहून मला थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. भांडली असती तर सोपं झालं असतं.

फोनवर विचारण्यासारखं नव्हतं, कारण अक्काचा फोन बहुतेक वेळा दाजींकडेच असतो. शनिवारी चोपड्याची गाडी चुकली, म्हणून धुळ्याला गेले आणि तिथून शिरपूरची गाडी धरली. उभ्यानंच गेले. सगळ्या वाटेत मी एकच प्रार्थना करत होते, आणि ती काय होती ते सांगायला हवं. अक्कानं म्हणावं की मलाच शाळा नको होती. ती एवढं म्हणाली असती की मी तिच्या पाया पडले असते.

अक्काच्या दारात पोहोचले तर अंगणात चूल पेटलेली, त्यावर उपडं खापर, आणि अक्का मांडे करत होती. त्यांच्या गल्लीत कुणाकडे जावई येणार होते. मांड्यांसाठी आजूबाजूचे लोक अक्कालाच बोलावतात किंवा पीठ आणून देतात. तिनं मला पाहिलं, तोंडभर हसली, पण हात थांबवला नाही. पुरण भरलेली पोळी तिनं लाटली, उचलून दोन्ही हातांवर घेतली, या हातावरून त्या हातावर करत करत ती कोपरापर्यंत पसरत गेली, लुगड्याच्या पदरासारखी पातळ, आणि एका झोक्यात खापरावर पडली. कुठं चुणी नाही, कुठं भोक नाही. दोन बाया फक्त ते बघायला थांबल्या होत्या.

त्या बाया मांडे घेऊन गेल्यावर तिनं हात धुतले आणि माझ्या गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र हातात घेतलं. गडबडीत ते काढायचं राहूनच गेलं होतं. तिनं ते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, फोटोवरून अंगठा फिरवला. फोटो चांगला आलाय, म्हणाली. मग ते नीट माझ्या ओढणीवर ठेवून दिलं, एखादी काचेची वस्तू ठेवावी तसं.

पुरण भरलेला एक उंडा उरला होता. तो तिनं माझ्यासमोर सरकवला. कर बघू, म्हणाली. मी लाटला, हातावर घेतला, दुसऱ्याच झोक्याला तो मधून फाटला आणि पुरण माझ्या मनगटावर सांडलं. अक्का हसली, खूप हसली. मग हसणं थांबलं आणि ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली,

“तू मुद्दाम मोडे ना भाकरी?”

ती कशाबद्दल म्हणतेय ते मला लगेच कळलं होतं. ती नववीला आणि मी सहावीला असताना माय आम्हा दोघींना भाकरी थापायला बसवायची. माझी भाकरी उचलताना मोडायची. सुरुवातीला खरंच मोडायची. मग माझ्या लक्षात आलं की भाकरी मोडली की अक्का चिडून काठवट आपल्याकडे ओढते आणि मला म्हणते, जा, अभ्यास कर. त्यानंतर मी मुद्दाम मोडत होते का, ते मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. पण शिकले नाही, एवढं खरं. आणि दोन पावसाळे उलटूनही शिकले नाही.

“मन्हा ध्यानमा उनं व्हतं,” अक्का म्हणाली. म्हणजे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती राख सारखी करत राहिली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मले सुचतं ते मी बी मोडती.”

तिलाही सुचलं असतं तर तिनंही मोडल्या असत्या.

मग तिनं सगळं सांगितलं, चहा टाकता टाकता. शाळा तिला आवडायची. भूगोल जास्त. नकाशात नद्या निळ्या पेन्सिलनं काढायला आवडायच्या. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा इथं तिनं पेढे वाटले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दाजींना वाटलं माहेरची आठवण आली. तिला माझा हेवा वाटायचा, अजून वाटतो, असं ती सरळ म्हणाली, जसं एखादी बाई गुडघा दुखतो म्हणते तसं. मायला दोष देऊ नको, असंही म्हणाली. माय रडली होती तेव्हा. फक्त माझ्यासमोर नाही.

मी तिला फॉर्मचं सांगितलं. समासात तिच्याबद्दल लिहिलंय, मायचे शब्द तसेच घेतलेत. ते खोटं आहे असं मी सरांना सांगून आले, हेही सांगितलं. अक्कानं कप खाली ठेवला. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, कागदावर आलं का ते. बरं झालं. राहू दे.

सोमवारी मी सरांकडे गेले. सात नंबरच्या घराची माहिती बरोबर आहे, चूक माझी होती, एवढंच म्हणायचं मी बसमध्ये पाठ केलं होतं. तेवढंच म्हटलं. सर म्हणाले, बरं. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारावं असं मला का वाटत होतं कुणास ठाऊक.

परिषदेला ती गेली. आदल्या संध्याकाळी मात्र ती वसतिगृहावर आली, तिथं करायचं बोलणं मला ऐकवायला. आम्ही गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांमधे बसलो. तिनं सगळं छान म्हटलं, जरा जास्तच छान, आणि मला पुन्हा ते सगळं आत दाटून आलं. तिचा मोकळा आवाज, तिचं न घाबरणं. मग मायचं वाक्य आलं. ती म्हणाली, “धाकलीले भाकर येते नाही.”

मी तसंच राहू दिलं असतं तरी चाललं असतं. त्या सभागृहात कुणाला कळणार होतं. कुणीतरी वा म्हटलंच असतं. मी तारेवर वाळणाऱ्या कुणाच्या तरी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“येते नाही नव्हे. येये नही,” मी म्हटलं. “पुन्हा म्हण.”

तिनं पुन्हा म्हटलं. चुकलं. मी मोठ्यानं म्हणून दाखवलं, मायसारखं, शेवटचा शब्द थोडा ओढून. कॉलेजात आल्यापासून एवढ्या मोठ्यानं मी ते कधी बोलले नव्हते. शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी एक मुलगी वळून बघायला लागली. मी थांबले नाही. दहाबारा वेळा म्हणवून घेतलं, तेव्हा कुठं ते मायच्या जवळपास गेलं.

जाताना ती म्हणाली, तूच चल ना, तू म्हण हे वाक्य. मी नाही म्हटलं. कारण नीट सांगता आलं नाही. तिच्यामागे उभं राहून एक वाक्य म्हणायचं, तेवढं माझं मन अजून मोठं झालेलं नव्हतं. आणि ते वाक्य तसं माझंही नव्हतं. ते मायचं होतं, आणि अक्काचं.

ती स्कूटर सुरू करून गेली. हेवा काही गेला नाही. पण दिवाळीच्या सुटीत मी गावी गेले तेव्हा, माय वेचणीहून यायच्या आधी, काठवट पुढं ओढली. पहिल्या चार भाकरी मोडल्या. माय आली, दारातच थांबून बघत राहिली आणि तिच्या बोलीत विचारलं, आठे, म्हणजे इथं, हे काय चाललंय. मी तिच्याच बोलीत उत्तर दिलं. ती पाटावर बसली. मग बराच वेळ, मी थापत असताना, ती मला अक्काबद्दल सांगत होती.